हेझल मॅकॅलियन: ३६ वर्षं एकच महापौर, आणि 'कर्जमुक्त' मिसिसागाचा खरा हिशोब

प्रश्न तीन भागांत आहे. कॅनडातल्या मिसिसागा शहरात हेझल मॅकॅलियन सलग ३६ वर्षं महापौर कशा काय राहिल्या, त्यांनी शहर खरंच कर्ज न काढता चालवलं का, आणि आपल्या पुण्या-मुंबईत असं कोणी होऊ शकेल का. मी टोरंटोच्या आजूबाजूच्या नगरपालिकांमध्ये कॅपिटल बजेट (रस्ते, पूल अशा मोठ्या कामांचा खर्च) आणि डेव्हलपमेंट चार्जेस (नव्या बांधकामामागे बिल्डरकडून घेतली जाणारी रक्कम) याच विषयात बरीच वर्षं काढलीत, मिसिसागा सिटीच्या पगारावर मात्र कधी नव्हतो, तेव्हा त्यांची बाजू घ्यायचं किंवा त्यांच्यावर राग धरायचं काही कारण नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: राजकारणी म्हणून बाई जबरदस्त, संकटात तर एक नंबर, पण पैशाच्या बाबतीत जेवढं कौतुक होतं त्यातलं साधारण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडं बजेटमध्ये शिरावं लागेल.

जन्म १४ फेब्रुवारी १९२१, क्यूबेकमधल्या पोर्ट डॅनियल नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात. माँट्रियलला असताना पैसे घेऊन आइस हॉकी खेळायच्या, एका मॅचचे ५ डॉलर, आणि तेही त्या काळात, मुलीने. नंतर केलॉग नावाच्या इंजिनिअरिंग कंपनीत (कॉर्नफ्लेक्सवाली नाही, रिफायनऱ्या बांधणारी) बरीच वर्षं नोकरी. १९५१ मध्ये सॅम मॅकॅलियन यांच्याशी लग्न, मग दोघं स्ट्रीट्सव्हिल या गावात स्थायिक. नवऱ्याने तिथे स्थानिक वर्तमानपत्र काढलं, बाई गावच्या कारभारात शिरल्या, आणि १९७० मध्ये स्ट्रीट्सव्हिलच्या महापौर झाल्या.

इथे एक मजा आहे. १९७४ मध्ये ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने मिसिसागा टाऊन, पोर्ट क्रेडिट आणि स्ट्रीट्सव्हिल एकत्र करून मिसिसागा सिटी बनवली, आणि या विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात जोरात कोण भांडलं, तर ह्याच. हरल्या. मग घरी न बसता त्याच नव्या शहरात नगरसेवक म्हणून निवडून आल्या आणि १९७८ च्या निवडणुकीत त्या वेळचे महापौर रॉन सर्ल यांना पाडून जे शहर व्हायलाच नको होतं म्हणत होत्या त्याच शहराच्या प्रमुख झाल्या. मार्जिन फार मोठं नव्हतं, तीनेक हजार मतं. तेव्हा कोणाला वाटलंही नसेल की ही बाई २०१४ पर्यंत हलणार नाही.

पहिल्याच टर्ममध्ये, निवडून येऊन एक वर्ष होतंय तोवर, १० नोव्हेंबर १९७९ ची रात्र. कॅनेडियन पॅसिफिकची १०६ डब्यांची मालगाडी मेव्हिस रोडच्या क्रॉसिंगपाशी घसरली. एका डब्याच्या ॲक्सलचं बेअरिंग तापून चाकच निखळलं होतं. प्रोपेनचे टँकर फुटले, आणि त्यांच्यामध्ये ९० टनांच्या आसपास क्लोरीन भरलेला एक टँकर, त्याला भोक पडलेलं. आपल्याला पाच वर्षांनंतरचं भोपाळ माहीत आहे म्हणून या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. इथे काय केलं, तर वाऱ्याची दिशा बघत बघत टप्प्याटप्प्याने दोन लाखांहून जास्त लोकांना बाहेर काढलं, हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांसकट, आणि जवळजवळ आठवडाभर शहर बंद ठेवलं. एकही माणूस दगावला नाही. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स रिकामं होईपर्यंत उत्तर अमेरिकेतलं शांततेच्या काळातलं सगळ्यात मोठं स्थलांतर म्हणून हेच सांगितलं जायचं.

आता याचं सगळं श्रेय महापौरांना देणं बरोबर नाही. निर्णय घेणाऱ्या गटाचं नेतृत्व प्रांताचे ॲटर्नी जनरल रॉय मॅकमर्ट्री यांच्याकडे होतं, पोलीस पील रीजनचे (मिसिसागाच्या वरची पालिका), फायर ब्रिगेड सिटीची, टँकर बंद करणारे तंत्रज्ञ वेगळेच. महापौरांनी काय केलं तर लोकांपुढे सतत उभ्या राहिल्या. पाय मुरगळला तरी लंगडत लंगडत प्रेस ब्रीफिंगला येत राहिल्या, जे माहीत आहे ते सरळ सांगितलं, आणि घरी कधी परत जाता येईल याबद्दल खोटी आश्वासनं दिली नाहीत. आमच्या धंद्यात याची किंमत फार मोठी असते, कारण रिकामं करा म्हटल्यावर लोक निघाले पाहिजेत, आणि ते निघतात तेव्हाच जेव्हा सांगणाऱ्या माणसावर विश्वास असतो. त्या आठवड्यात जी प्रतिमा तयार झाली तिच्यावर पुढच्या कितीतरी निवडणुका निघाल्या. 'हरिकेन हेझल' हे टोपणनाव १९५४ साली टोरंटोला झोडपून गेलेल्या खऱ्या चक्रीवादळावरून आलेलं, ते चिकटलं ते कायमचंच.

१९७८ ते २०१० अशा एकूण १२ निवडणुका जिंकल्या. दोनदा तर बिनविरोध. २००६ मध्ये ९० टक्क्यांच्या वर मतं, आणि २०१० मध्ये, म्हणजे खाली सांगतो ते चौकशी प्रकरण जोरात चालू असताना आणि वय ८९ असताना, ७६ टक्के. प्रचार जवळजवळ करायच्याच नाहीत. पाट्या लावायच्या नाहीत, निवडणुकीसाठी पैसे द्यायला आलेल्यांना सांगायच्या की चॅरिटीला द्या. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला भरून येतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ऑन्टारिओत पालिकेच्या निवडणुकीत पक्ष नसतात, बॅलटवर नुसती नावं, त्यामुळे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे त्याला प्रचाराची गरजच कमी आणि नवख्याला मात्र सात लाखांच्या शहरात स्वतःची ओळख करून द्यायची म्हणजे घर विकायची वेळ. दोन, मतदान फार कमी. २००३, २००६ ला पाव मतदारांच्या आसपासच लोक मत द्यायला गेले. निकाल आधीच माहीत आहे तर जायचं कशाला. तेव्हा ९० टक्के म्हणजे शहराचे ९० टक्के नव्हेत, मत द्यायला गेलेल्यांचे.

आणखी एक गोष्ट जी बाहेरच्यांना पटकन कळत नाही. तिथल्या महापौराला त्या काळात विशेष अधिकार नव्हतेच. कौन्सिलमध्ये बाकीच्यांसारखं एक मत, बजेटवर व्हेटो नाही, अधिकारी नेमायचे-काढायचे तर कौन्सिलने. 'स्ट्राँग मेयर' म्हणून जे अधिकार हल्ली ऐकता ते ऑन्टारिओत २०२२ पासून आले आणि मिसिसागाला २०२३ मध्ये मिळाले, हेझलबाई तोवर गेल्या होत्या. मग एका मताच्या जोरावर ३६ वर्षं दरारा कसा? तर एक म्हणजे फायली वाचून यायच्या, खरंच वाचून. ज्या बैठकीत कन्सल्टंट स्लाइड दाखवत असतो आणि निम्मे लोक फोन बघत असतात तिथे अध्यक्षांनी पान नंबर सांगून प्रश्न विचारला की खोलीतली हवा बदलते. दुसरं म्हणजे नगरसेवकांना माहीत होतं की बाईंनी जाहीरपणे नाव घेऊन झापलं तर वॉर्डात महागात पडेल. तिसरं, त्या प्रत्येक कार्यक्रमाला जायच्या, मंदिर, गुरुद्वारा, चर्च, लेजन हॉल (माजी सैनिकांचा), शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे. मिसिसागात आणि शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांपैकी जुन्या कोणालाही विचारा, आजीबाईंना कुठेतरी लांबून बघितल्याचं तरी सांगतीलच. (याला दुसरी बाजू आहे. २००१ मध्ये त्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आपापल्या देशी पोशाखातल्या लोकांची गर्दी असते अशा अर्थाचं बोलल्या, रोख निर्वासितांवर होता, आणि बराच गदारोळ झाला. तरी पुढच्या निवडणुकीत मतांवर ढिम्म परिणाम नाही, स्थलांतरितांच्या वस्त्यांतही नाही.)

आता मुख्य विषय, पैसा.

हे समजून घ्या की ऑन्टारिओत कुठल्याच पालिकेला रोजच्या खर्चासाठी तुटीचं बजेट करता येत नाही, कायदाच आहे. कर्ज काढता येतं ते फक्त भांडवली कामांना, म्हणजे रस्ते, पूल, फायर स्टेशन, लायब्ररी, बस. त्यामुळे 'कर्ज नाही' याचा अर्थ एवढाच की ही कामं रोख पैशाने केली. रोख आली कुठून, तर बिल्डरकडून. मिसिसागात शेतजमीन अफाट होती, टोरंटो शेजारी, पिअर्सन विमानतळ तर जवळजवळ सगळा शहराच्या हद्दीतच, आणि ४०१, ४०३, क्यूईडब्ल्यू असे हायवे. १९७८ ला लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, बाई पायउतार झाल्या तेव्हा सात लाखांच्या वर. मधल्या काळात जी घरं बांधली गेली त्या प्रत्येक घरामागे सिटीने आधी लॉट लेव्ही म्हणून आणि नंतर डेव्हलपमेंट चार्जेस कायद्याखाली पैसे घेतले. नव्या वस्तीला लागणारा खर्च नव्या वस्तीने द्यायचा, जुन्या करदात्याने का द्यायचा, हे त्यांचं साधं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. बाकीच्या कितीतरी पालिका तेव्हा बिल्डरला घाबरून कमी लेव्ही लावायच्या आणि फरक जुन्या लोकांच्या करातून भरायच्या. मिसिसागाने तसं केलं नाही आणि बिल्डर तरी आलेच, कारण जागाच अशी होती. याचं श्रेय त्यांना पूर्ण द्यायला हवं.

शिवाय हे पैसे रिझर्व्ह फंडात पडून असायचे आणि ऐंशीच्या दशकात व्याजदर काही काळ दोन आकडी होते. एकूण काय, लेव्हीचा ओघ चालू, व्याज चालू, दरवर्षी नवीन घरं आणि ऑफिसं करपात्र होतायत म्हणजे दर न वाढवताही कराचं उत्पन्न वाढतंय. अशा परिस्थितीत नव्वदच्या दशकात बरीच वर्षं प्रॉपर्टी टॅक्स वाढवलाच नाही. मतदार खूश. कुठलाही मतदार खूश होईल.

पण या चार्जेसमध्ये एक अट असते जी निवडणुकीच्या भाषणात कोणी सांगत नाही: हा पैसा फक्त वाढीसाठी. नवीन रस्ता बांधा, नवीन फायर स्टेशन बांधा, पण तेच फायर स्टेशन तीस वर्षांनी जुनं झालं की त्याचं छप्पर बदलायला त्यातला एक डॉलर वापरता येत नाही. ते करातूनच करायचं. १९९७ च्या कायद्याने तर आणखी आवळलं, सिटी हॉल, सांस्कृतिक केंद्रं वगैरे यादीतूनच काढून टाकली आणि लायब्ररी-पार्कसारख्या सेवांसाठी घ्यायच्या चार्जेसमध्ये १० टक्के कपात लावली. म्हणजे प्रत्येक नव्या वस्तीबरोबर सिटीच्या ताब्यात फुकट आल्यासारखी वाटणारी मालमत्ता येते, आणि त्या दिवसापासून तिच्या दुरुस्तीचं घड्याळ चालू होतं. रस्त्याचा वरचा थर पंधरा-वीस वर्षं, कम्युनिटी सेंटरचं छप्पर आणि बॉयलर वीस-पंचवीस, पूल त्याहून जास्त. ८० च्या आणि ९० च्या दशकात एकदम बांधलेलं सगळं एकदमच म्हातारं होतं. ज्या वर्षांत कर शून्य टक्के वाढवला त्या वर्षांत खरं तर थोडा थोडा वाढवून बदलीचा निधी बाजूला टाकायला हवा होता. कर्ज नाही म्हणतात ते खरं, पण झिजेचा हिशोब केला तर देणं साचत होतंच, फक्त बँकेच्या कागदावर नव्हतं. नवी मुंबईत सिडकोने भूखंड विकून जे उभं केलं त्याच्या देखभालीचं पुढे काय होतं हे ज्यांनी आतून बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि दुसरी गोम. मिसिसागा सिटी ही पील रीजन नावाच्या वरच्या पालिकेचा भाग आहे, ब्रॅम्प्टन आणि कॅलिडनबरोबर. त्यांच्या काळात पाणी, ड्रेनेज, पोलीस, हे सगळं रीजनकडे. महागड्या पाइपलाइनी सिटीच्या वहीत नाहीतच, आणि रीजनने पुढे पाणी-ड्रेनेजसाठी डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, काढले. घरमालकाला करबिल एकच येतं, पण 'कर्जमुक्त सिटी' हे बिरुद त्यातल्या सिटीच्या हिश्श्यापुरतंच.

जमीन संपत आली तशी गोष्ट उघडी पडली. २०१३ च्या सुमारास, म्हणजे त्या खुर्चीवर असतानाच, मिसिसागाने त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा कर्ज काढलं, आणि करात इन्फ्रास्ट्रक्चर आणि कर्जफेडीची वेगळी लेव्ही आली. यात काही भयंकर नाही, पन्नास वर्षं टिकणाऱ्या गोष्टीसाठी कर्ज काढणं मला तर योग्यच वाटतं, वापरणाऱ्या पिढीने हप्ता भरावा. माझा आक्षेप कर्जाला नाहीच, कर्ज न काढण्याला पुण्य समजण्याला आहे.

यात सगळा दोष त्यांचा नाही हेही सांगायला पाहिजे. १९९८ ला माइक हॅरिस यांच्या प्रांत सरकारने सोशल हाउसिंग, वेल्फेअरचा हिस्सा, ट्रान्झिट असं बरंच काही पालिकांच्या अंगावर ढकललं, वर टोरंटोच्या सामाजिक खर्चात आजूबाजूच्या उपनगरांनीही वाटा द्यायचा अशी व्यवस्था लावली. बाई त्यावर प्रांताशी वर्षानुवर्षं भांडल्या. पक्ष कुठलाही असो, प्रीमियरला (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला) थेट फोन करून सुनवायची त्यांची ख्याती होती आणि प्रीमियर फोन घ्यायचेही.

शहराचा आकार मात्र त्यांच्याच काळात ठरला. रुंद सहापदरी रस्ते, वळणावळणाच्या गल्ल्या, दुधाची पिशवी आणायला सुद्धा गाडी. मध्यभागी काय, तर स्क्वेअर वन मॉल, जो त्यांच्या आधी १९७३ मध्येच उघडला होता, आणि त्याच्या आजूबाजूला पुढे डाऊनटाऊन उभं करायचा प्रयत्न: १९८७ चा सिटी हॉल, १९९७ चं लिव्हिंग आर्ट्स सेंटर, २०१२ मध्ये पूर्ण झालेले ते वळलेले ॲब्सोल्यूट टॉवर ज्यांना लोक मर्लिन मन्रो म्हणतात. उशिरा का होईना त्यांनी दाट वस्ती आणि लाइट रेलच्या बाजूने जोर लावला, हुरॉन्टारिओ स्ट्रीटवरच्या लाइनला आता त्यांचंच नाव आहे. पण बंगल्यांच्या वस्त्या एकदा झाल्या की झाल्या. २०१६ च्या जनगणनेत ७,२१,५९९ असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये ७,१७,९६१ झाली, म्हणजे टोरंटोच्या आजूबाजूला सगळीकडे माणसं वाढत असताना इथे किंचित कमी. मुलं मोठी होऊन बाहेर गेली, आईवडील चार बेडरूमच्या घरात दोघंच, आणि नवीन कुटुंबांना परवडत नाही म्हणून ती ब्रॅम्प्टन-मिल्टनला.

भ्रष्टाचाराचं विचाराल तर दोन प्रकरणं. पहिलं १९८२ चं: जमिनीच्या एका निर्णयात स्वतःचा संबंध असताना बाजूला झाल्या नाहीत, कोर्टाने हितसंबंधांच्या कायद्याचा भंग झाला म्हटलं, पण समजुतीची चूक मानून पद काढलं नाही. दुसरं जास्त गंभीर. स्क्वेअर वनजवळ हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर बांधायला निघालेल्या वर्ल्ड क्लास डेव्हलपमेंट्स या कंपनीत त्यांचा मुलगा पीटर याचे हितसंबंध, आणि बाई जमीनमालकांबरोबर बैठका घेऊन तो सौदा पुढे रेटत होत्या. न्यायमूर्ती डग्लस कनिंगहॅम यांच्या चौकशीचा अहवाल ऑक्टोबर २०११ मध्ये आला आणि त्यात खरा आणि दिसणारा असा दोन्ही प्रकारचा हितसंबंधांचा संघर्ष होता असं स्पष्ट म्हटलं. त्यावरून एका नागरिकाने पदावरून काढा म्हणून खटला लावला, ज्यात मुद्दा होता पील रीजनच्या डेव्हलपमेंट चार्जेसच्या ठरावावर त्यांनी दिलेल्या मताचा, कारण त्या ठरावाने प्रकल्पाचे पैसे वाचले असते. २०१३ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की मी शहराला चांगलं हॉटेल मिळावं म्हणून धडपडत होते आणि मुलाची भागीदारी आहे हे मला माहीत नव्हतं. स्वतः पैसे खाल्ले असं कोणी म्हटलं नाही, मलाही वाटत नाही. पण बिल्डरकडून पै-पै वसूल करणारी म्हणून जिची ख्याती त्याच बाईंवर त्याच चार्जेसवरून कोर्टात जायची वेळ आली, आणि मला विचाराल तर हे तीस वर्षं विरोधकच नसल्याचं फळ आहे. बैठकीला जाऊ नका म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं.

२०१४ मध्ये उभ्या राहिल्या नाहीत, बॉनी क्रॉम्बी यांना पाठिंबा दिला आणि त्या जिंकल्या. नंतरही निवृत्ती वगैरे नाही, वयाच्या ९६ व्या वर्षी विमानतळ प्राधिकरणाच्या संचालक मंडळावर. २९ जानेवारी २०२३ ला गेल्या, वय १०१. पीलमधून मिसिसागा वेगळं काढायचं हे त्यांचं जुनं स्वप्न, कारण रीजनच्या खर्चाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार मिसिसागावर. त्याच वर्षी प्रांताने त्यांच्याच नावाचा कायदा करून पील बरखास्त करायचं ठरवलं आणि डिसेंबरमध्ये खर्चाचे आकडे बघून माघार घेतली. आमच्यासारख्यांना तेव्हा खूप काम मिळालं, एवढंच.

राहिला पुण्या-मुंबईचा भाग. सध्याच्या रचनेत नाही होऊ शकत, आणि माणसाच्या कुवतीचा तो प्रश्नच नाही. आपल्याकडे महापौराची मुदत अडीच वर्षं, त्यात पद कुठल्या प्रवर्गाला हे सोडतीने ठरतं, म्हणजे तुम्ही कितीही चांगलं काम केलंत तरी पुढच्या वेळी सोडत दुसरीकडे गेली की विषय संपला. निवड नगरसेवक करतात, म्हणजे खरं पक्ष करतो. आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, जे राज्य सरकार पाठवतं आणि सरकारच बदली करतं. मिसिसागाच्या महापौराकडे एकच मत होतं खरं, पण तिथला सिटी मॅनेजर कौन्सिलचा नोकर, आपला आयुक्त सभागृहाचा नोकर नाही. त्यावर २०२२ पासून कित्येक वर्षं आपल्या मोठ्या शहरांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. उद्या कोणाला असा प्रयोग करायचाच असेल तर थेट निवडणूक की नगरसेवकांमधून या वादात वेळ घालवण्याआधी आयुक्ताची नेमणूक आणि बजेट सभागृहाच्या हातात कसं येईल ते बघा, आणि ते जमलं तर मुदतीला काहीतरी मर्यादा नक्की घाला, तीन टर्म फार झाल्या.